रात्री परतलेले देव

रोमला जाऊन आलेल्या माणसाला तेथे काय पाहिले असे कोणी फारसे विचारीत नाही. विचारणाऱ्याने कोलोसियम, फोरम आणि व्हॅटिकन ही तीन नावे मनात आधीच धरलेली असतात, आणि सांगणाराही ती तीन सांगून मोकळा होतो. आम्ही उभयतांनी ती तिन्ही स्थळे पाहिली. त्यांविषयी मला येथे काही लिहावयाचे नाही. रोमहून सकाळी निघून सायंकाळी परतता येईल अशा अंतरावर दुसरी तीन ठिकाणे आहेत. तेथे प्रवासी थोडे, आणि आपल्याकडचे तर क्वचितच फिरकतात. ह्या तीन ठिकाणी मी गेलो तेव्हा घरचा एक प्रश्न मी बरोबर घेऊन गेलो होतो. तो प्रश्न नसता तर मला ती नुसती दगडविटांची रास वाटली असती, हे आधी सांगितलेले बरे.

अंत्रूज महालातल्या एका खेड्यात आमचे वडिलार्जित घर आहे. मधोमध राजांगण, सभोवती पडव्या, आणि आत काळोखी, थंडगार देवाकूड. देव्हाऱ्यात शाळिग्राम, बाण, रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि ह्या सर्वांच्या मागे तांबड्या वस्त्रात ठेवलेला मुठीएवढा एक पाषाण. ह्या पाषाणाचे नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. तो ‘पलीकडून’ आला एवढेच आजी सांगे. पलीकडून म्हणजे जुवारीच्या पलीकडून. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, सासष्टी येथील देवळांवर संकट कोसळले, १५६७ साली सासष्टीतली देवळे तर एका फेऱ्यात जमीनदोस्त झाली, आणि ज्यांना शक्य झाले ते आपले देव घेऊन आदिलशाही अमलाखालच्या अंत्रुजात उतरले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, हे ह्या मासिकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. थोरल्या देवांच्या पालख्यांमागून घराघरांतले लहान देवही कोणाच्या ओटीत, कोणाच्या भाताच्या मुड्यात लपून आले. आमचा पाषाण त्यांतला. आजी म्हणे, “देव आमचे फाटल्यान येना, आमीच देवाचे फाटल्यान वचपाक जाय.” लहानपणी मला ते तिच्या नित्याच्या बोलण्यापैकी एक वाटे.

आई जाऊन दोन वर्षे झाली. ती होती तोवर नंदादीप विझला नाही. ती गेल्यावर शेजारचे भटजी सकाळी येऊन दोन फुले वाहून जात. परंतु ते स्वतः ऐंशीच्या घरात, आणि आता मुलाकडे पुण्यास जाऊन राहण्याचे त्यांचे ठरले. गेल्या चवथीला आम्ही भावंडे घरी जमलो तेव्हा हा विषय निघणारच होता. धाकटा भाऊ बडोद्यास स्थायिक आहे. तो म्हणाला, “दादा, देव मी बडोद्याला नेतो. सदनिकेत पूर्वेची एक खोली त्यांच्यासाठी सोडतो.” एका चुलतभावाचे मत, देव देवळात देऊन टाकावे आणि घराला कुलूप घालावे. दुसरा म्हणाला, पाषाण मूळच्या नदीला अर्पण करावा. कोणाच्याच मनात अश्रद्धा नव्हती. उलट प्रत्येकजण देवांची काळजीच वाहत होता. म्हणूनच भांडण कठीण झाले. मी थोरला, निर्णय माझ्याकडे आला, आणि मी तो घेतला नाही. परत आल्यावर बोलू, असे म्हणून आम्ही मुलीकडे रोमला निघालो. तेथे ती नोकरीनिमित्त काही वर्षे आहे.

पहिल्या रविवारी मुलगी आम्हांला ओस्तियाला घेऊन गेली. तायबर नदीच्या मुखाशी वसलेले हे रोमचे जुने बंदर. नदीने गाळ आणून टाकला, समुद्र मागे सरला, आणि धान्याची गलबते ज्या धक्क्याला लागत तो धक्का आज भूभागाच्या आत कोरडा पडला आहे. काळ्या दगडांचे फरसबंद रस्ते, दोन दोन मजले उभ्या राहिलेल्या विटांच्या चाळी, गरम पेयांचे दुकान, त्याचा दगडी कट्टा. आपण कोणाच्या घरी त्यांच्या अपरोक्ष शिरलो आहो असे पदोपदी वाटते. चौकात ज्युपिटर, जूनो आणि मिनर्व्हा ह्या त्रयीचे देऊळ आहे, उंच जोत्यावर, हेड्रियन बादशहाच्या काळचे. विटांच्या भिंती आकाशात गेल्या आहेत. सौ. पायऱ्यांखाली उभी राहून बराच वेळ वर पाहत होती. मग म्हणाली, “गाभारा आहे, देव नाही.” ह्यावर मुलीने काही ऐतिहासिक माहिती दिली. तिला उत्तर म्हणून नव्हे, पण सौ. पुन्हा म्हणाली, “नाही, म्हणजे दगड जागच्या जागी आहे, बाकी सगळे गेले.”

मला थांबविले ते मात्र देवळाने नव्हे. जवळच एका इमारतीच्या अंगणात भिंतीला लागून विटांचा एक कोनाडा आहे. तांबड्या आणि पिवळ्या विटा नक्षीने बसविलेल्या, वर लहानशी कमान. ह्याला लारारियम म्हणतात. लार म्हणजे कुटुंबाचा रक्षक देव. रोमन माणसाचे लारेस आणि पेनातेस असे दोन प्रकारचे घरदेव असत. लारेस घराचे आणि चव्हाट्याचे राखणदार. पेनातेस हे कोठारातल्या धान्याचे, घरच्या बरकतीचे देव. जेवणाच्या वेळी अन्नाचा अंश चुलीच्या अग्नीत त्यांच्या नावाने टाकीत, हे वाचून मला वडिलांचा वैश्वदेव आठवला. पाँपेईच्या घरांतून अशा कोनाड्यांखाली भिंतीवर मोठाले सर्प रंगविलेले आहेत. ते त्या स्थानाचे रक्षक. आपल्याकडे वारुळाला सातेरी म्हणून हात जोडणाऱ्याला ह्यात समजावून सांगण्याजोगे काहीच नाही. साम्ये दाखविण्याची मला हौस नाही. दोन दूरच्या गोष्टी सारख्या दिसल्या की आपण लगेच हुरळून जातो, आणि मग दोन्हींपैकी एकही नीट पाहत नाही. पण त्या रिकाम्या कोनाड्यासमोर मी उभा होतो तो साम्यासाठी नव्हे. तो रिकामा कसा झाला, हे मला ठाऊक होते.

थिओडोसियस बादशहाने इ. स. ३९२ च्या नोव्हेंबरात एक फर्मान काढले. देवळांतले यज्ञ त्याआधीच बंद झाले होते. हे फर्मान घरात शिरले. लारेसपुढे अग्नी ठेवू नये, कुलरक्षकाला मद्य वाहू नये, पेनातेसना धूप दाखवू नये, दिवे लावू नयेत, माळा अडकवू नयेत. ज्या घरातून धूपाचा वास आला ते घर सरकारजमा. सार्वजनिक देऊळ बंद करणे राजसत्तेला सोपे असते. माणसाच्या देवाकुडीत पोहोचायला धूपाच्या वासाचा माग काढावा लागतो. गोव्यात १७३६ साली जो जाहीरनामा निघाला, आणि ज्यात अंगणातल्या तुळशीपर्यंत मनाई आली, तो लिहिणाऱ्यांनी हे जुने फर्मान वाचले होते की नाही कोण जाणे. लिहिण्याची रीत मात्र तीच. मी हे रागाने लिहीत नाही. ज्या गावात मी वाढलो तेथे आमच्या घरच्या चवथीला शेजारचे ख्रिस्ती कुटुंब काकड्या आणि दोडकी घेऊन येई, आणि येते. परंतु ओस्तियाच्या कोनाड्यात काय होते आणि काय नाही, हे समजण्यास फर्मान वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि त्याच क्षणी एक बोचरा विचार आला. त्यांचे कोनाडे सक्तीने रिकामे झाले. आमचे कोणीही सक्ती न करता रिकामे होऊ घातले होते.

पुढच्या शनिवारी पॅलेस्त्रिना. रोमच्या पूर्वेस डोंगरउतारावर वसलेले हे गाव, जुने नाव प्रेनेस्ते. संगीतज्ञांना ते सोळाव्या शतकातल्या पॅलेस्त्रिना नावाच्या थोर रचनाकारामुळे माहीत असते. पण त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, येथे फोर्तुना प्रिमिजेनिया ह्या देवीचे प्रचंड क्षेत्र उभारले गेले. डोंगरच पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढला आहे. उताराचे मार्ग, कमानींच्या रांगा, एकावर एक गच्च्या, आणि अगदी वर अर्धवर्तुळाकार सोपान. नंतरच्या शतकांत ह्या सर्वांवर गाव चढले. घरांखाली देऊळ आहे हे जाणत्यांना माहीत होते, परंतु ते दिसत नव्हते. १९४४ साली महायुद्धात गावावर बाँब पडले, घरे कोसळली, आणि ढिगारे उपसताना देवीचे मजले उघडे पडले. केवढ्या किमतीला एखादे देऊळ उघडे व्हावे! मजूर ढिगारे उपसत असताना काही घरांतले सामान, भांडीकुंडी, बाळांचे पाळणे आधी बाहेर निघाले असतील आणि मग रोमन भिंती. पुस्तकांतून ह्या दुसऱ्या गोष्टीविषयीच लिहिलेले असते.

वरच्या वाड्यात १९५६ पासून संग्रहालय आहे. तेथे नाईल नदीचे सुप्रसिद्ध चित्र आहे, रंगीत खड्यांनी जडविलेले, सुमारे सहा मीटर रुंद. डोंगरांतले काळे शिकारी, पाणघोडे, मगरी, पुरात बुडालेली देवळे आणि नावा. सौ.ला ते फार आवडले. मला देवीची गोष्ट अधिक आवडली. सिसेरोने ती लिहून ठेवली आहे, आणि तो स्वतः ह्यावर विश्वास ठेवीत नव्हता, ही त्यातली गंमत. प्रेनेस्तेच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाला वारंवार स्वप्ने पडत, शेवटी तर धमकावणारी, की अमक्या जागचा खडक फोड. गावकरी हसले. त्याने खडक फोडला तेव्हा आतून ओकाच्या लाकडाच्या पट्ट्या बाहेर पडल्या, जुन्या अक्षरांत कोरलेल्या. त्याच सुमारास एका ऑलिव्हच्या झाडातून मध पाझरला. त्या झाडाच्या लाकडाची पेटी करून पट्ट्या तीत ठेवल्या. प्रश्न घेऊन भक्त आला म्हणजे एका लहान मुलाने पट्ट्या मिसळावयाच्या आणि देवीच्या प्रेरणेने त्यांतली एक काढावयाची.

हे ऐकताच सौ. म्हणाली, “म्हणजे कौलच की.” कौलच. पाण्याने भिजवलेल्या पाषाणावर पाकळ्या लावाव्या, भटजींनी गाऱ्हाणे घालावे, आणि उजवी पडते की डावी पडते इकडे सगळ्यांनी श्वास रोखून पाहावे. आमच्या घरची लग्ने, घरबांधण्या, आणि एकदा तर माझी नोकरीची बदलीसुद्धा अशी ठरलेली आहे. सिसेरो म्हणतो, त्याच्या काळी फक्त सामान्य लोकच ह्या पट्ट्यांना विचारीत, अधिकारपदावरचा कोणी विचारीत नसे. विद्वान असे नेहमीच म्हणतात. पुढे डोमिशियन बादशहा दर वर्षी विचारी, हेही लिहिलेले आहे.

देवीच्या मूर्तीविषयी सिसेरो जे सांगतो ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिच्या मांडीवर ज्युपिटर आणि जूनो ही दोन तान्ही बाळे, एक स्तनाकडे हात पुढे करणारे. आणि ह्या मूर्तीची पूजा आया विशेष भक्तीने करीत. पण शिलालेखांत तीच देवी ज्युपिटरची ज्येष्ठ कन्या. मुलगीही तीच आणि आईही तीच. ऋग्वेदात अदितीपासून दक्ष झाला आणि दक्षापासून अदिती. तेथे ज्याला अडखळावेसे वाटले नाही त्याने येथेही अडखळू नये.

मुलीने गच्चीवर बसून आणखी एक गोष्ट सांगितली, ती सुएटोनियसच्या ग्रंथातली. टायबेरियस बादशहाला रोमच्या आसपासची ही सारी प्रश्नस्थाने बंद करावयाची होती. त्याने प्रेनेस्तेच्या पट्ट्यांची पेटी मोहोर करून रोमला आणविली. पेटी उघडली तो आत काही नाही. पेटी परत देवीच्या देवळात नेली तेव्हाच पट्ट्या सापडल्या. बादशहा घाबरला आणि त्याने तो नाद सोडला. मुलगी हसत होती. मी हसलो नाही. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि ती डब्यातले पोहे वाढू लागली.

तिसरे ठिकाण ही माझी स्वतःची मागणी. व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक एनियस हा जळत्या ट्रॉयमधून वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघाला, आणि पित्याच्या हाती घरचे पेनातेस होते, एवढे कॉलेजात असताना वाचले होते. एनियसचे हात युद्धाच्या रक्ताने माखलेले, म्हणून त्याने देवांना शिवावयाचे नाही, देव बापाने धरावयाचे. हा बारकावा तेव्हाच मनात बसला होता. ते देव शेवटी इटलीच्या किनाऱ्यावर ज्या गावी उतरले असे रोमन लोक मानीत, ते गाव लाविनियम. रोमच्या दक्षिणेस, समुद्रापासून थोडे आत, आज त्याला प्रातिका दी मारे म्हणतात. गावाचे नाव इटलीत बहुतेकांना माहीत असते ते तेथल्या लष्करी विमानतळामुळे. वेदी सहज पाहता येत नाहीत. त्या दाखविण्यास संग्रहालयाचा माणूस बरोबर यावा लागतो. मुलीने आधी दूरध्वनी करून ठेवला होता. आमच्याबरोबर आलेली मार्गदर्शक बाई पन्नाशीची, आवाज मोठा, स्वभाव लाघवी. त्या दिवशी आम्हां तिघांवाचून कोणी नव्हते.

शेतांच्या मधोमध एक लांबलचक छप्पर आहे. त्याखाली तेरा वेदी एका ओळीत. १९५७ पासून रोमच्या विद्यापीठाने, कास्ताग्नोली ह्या पंडिताच्या देखरेखीखाली, येथे खणती केली तेव्हा त्या सापडल्या. भुऱ्या ज्वालामुखी दगडाच्या, मोठ्या खालवर उभारलेल्या, पूर्वेकडे तोंड केलेल्या. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्यातली. बाकीच्या दोनशे वर्षांत एकेक वाढत गेलेल्या, जुन्यावर नवी बांधलेली. काही झिजल्या आहेत, काही अशा ताठ की काल गवंडी उठून गेला असावा. ह्या वेदींवर पशू कापले जात. ते वगळून लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. आपल्याही काही देवळांच्या मागल्या अंगणात काय होत असे हे आपल्याला माहीत आहे.

छपराच्या कडेला आल्यावर सौ.ने चपला काढल्या. मार्गदर्शक बाईने मुलीला काहीतरी विचारले, मुलीने उत्तर दिले. बाई क्षणभर गप्प राहिली. मग पुढे चालताना तिचा आवाज आपोआप खाली आला.

एका वेदीजवळ १९५८ साली काशाचा एक लहान पत्रा मिळाला. त्यावर फार जुन्या लॅटिनमध्ये कॅस्टर आणि पोलक्स ह्या जुळ्या अश्वदेवांना केलेले अर्पण आहे. ग्रीक लोक ह्या जोडीला द्यौसाचे पुत्र म्हणतात. आपल्या अश्विनीकुमारांना ऋग्वेद दिवो नपाता म्हणतो. साम्यांची हौस नाही असे वर म्हणालो, पण हे साम्य भाषाशास्त्रज्ञांनी तपासून मान्य केलेले आहे, म्हणून लिहिले.

वेदींपासून थोड्या अंतरावर एक मातीची टेकडी आहे. सातव्या शतकातली, अर्थात इसवी सनापूर्वीच्या, कोण्या सरदाराची ही समाधी. चौथ्या शतकात ती पुन्हा बांधून तेथे पूजास्थान केले. १९६८ च्या सुमारास ती उजेडात आली तेव्हा अभ्यासकांनी हेच एनियसचे स्मारक असे म्हटले, कारण जुन्या ग्रीक इतिहासकाराने वर्णिलेली लहान टेकडी अशीच होती. तो पुढे स्थळाचा देव होऊन बसला, त्याला लोक पिता म्हणत. आपल्या गोव्यातल्या देवळांच्या आवारात मूळपुरुषाची घुमटी असते, तिला आपण मुख्य देवाच्या आधी की नंतर नमस्कार करतो हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

रोम साम्राज्य झाले, जगाचे राजधानीनगर झाले, तरी तिथले कॉन्सल आणि प्रेटर पदग्रहणाच्या वेळी ह्या लहानशा गावी येऊन पेनातेस आणि वेस्ता ह्यांना बळी देत. त्यांचे मूळ येथे. इ. स. पूर्व १३७ मध्ये एक कॉन्सल स्पेनवर स्वारीला निघण्याआधी येथे आला, तो शकुनाच्या पवित्र कोंबड्या पिंजऱ्यातून उडून रानात पळाल्या. तो तरीही गेला, आणि न्युमान्शियाला जबर पराभव पावला. बाईने ही गोष्ट कोंबड्यांच्या आवाजासह सांगितली.

मग तिने ती दुसरी गोष्ट सांगितली. डायोनिसियस ह्या इतिहासकाराची. एनियसच्या मुलाने, आस्कानियसने, आल्बा लोंगा नावाचे नवे, मोठे नगर वसविले, देवांसाठी नवे देऊळ बांधले, आणि लाविनियमचे पेनातेस तेथे नेले. सकाळी पाहतात तो देव नाहीत. दारे लावलेली, भिंती आणि छप्पर जसेच्या तसे. देव लाविनियमला आपल्या जुन्या चौथऱ्यावर. प्रार्थना करून, शांती करून ते पुन्हा आल्बाला नेले. पुन्हा रात्रीतून परत. लोक गोंधळून गेले. देवांवाचून नव्या नगरात राहावे, हे नको; आणि सोडून आलेल्या जुन्या नगरात परत जावे, हेही नको.

येथे बाई थांबली. धावपट्टीवरून एक विमान उठले आणि त्याच्या आवाजात काही बोलणे शक्य नव्हते. मी तेराही वेदी पुन्हा मोजल्या. आवाज विरल्यावर मीच विचारले, “मग काय केले?”

“माणसे पाठविली,” ती म्हणाली. “सहाशे. बायकामुलांसह. देवांना नवीन नगर नको असेल तर राहू देत. त्यांची सेवा करायला माणसांनी परत जावे.”

संग्रहालयातल्या बाकीच्या वस्तूंविषयी मी फार थोडे लिहितो, कारण मी त्या नीट पाहिल्याच नाहीत. मातीची, पुरुषभर उंचीची मिनर्व्हा आहे, हाती तलवार, ढालीवर सर्प, पायाशी अर्धा मासा अर्धा माणूस असा ट्रायटन. तिच्या स्थानी १९७७ साली सापडलेल्या खड्ड्यात तरुण मुलामुलींच्या मातीच्या मूर्ती पुरलेल्या होत्या, हातांत डाळिंब, पाखरू, खेळणी. देवाला वाहिलेली वस्तू बाहेर टाकता येत नाही, म्हणून ती तेथेच जमिनीच्या पोटात ठेवीत. सौ. ह्या मुलींसमोर उभी राहिली ती संग्रहालय बंद होण्याची वेळ होईपर्यंत.

त्या रात्री मी बडोद्याला दूरध्वनी केला. भावाला सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “दादा, गोष्ट सुंदर आहे. पण आपले देव हललेलेच आहेत. पलीकडून हलवले म्हणूनच वाचले. तेव्हा कोणी तरी सहाशे माणसे मागे पाठवली असती तर काय झाले असते?”

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रात्री बराच वेळ जागा होतो. भाऊ म्हणतो ते खरे होते, आणि तरी कोठे तरी फरक होता. पलीकडून देव निघाले तेव्हा राहण्याजोगी जागाच उरली नव्हती. आमच्या घराला कोणी आग लावली नव्हती. मंगळुरी कौले दोन ठिकाणी गळत होती, एवढेच.

कार्तिकात आम्ही परतलो. तुळशीच्या लग्नाला भाऊ आला, चुलतभाऊ आले. कुलदेवतेला कौल लावावा असे सर्वानुमते ठरले, आणि प्रश्न कोणता घालावा ह्यावरच अर्धा दिवस गेला. शेवटी भटजींनीच तो नेमका केला: देव आहेत तेथे राहावे, असे असेल तर उजवी दे. देवळात चिटपाखरू नव्हते. समईच्या उजेडात ओला पाषाण चमकत होता. आम्ही चौघे खांबाला टेकून उभे. किती वेळ गेला ते मी सांगू शकणार नाही. उजवी पाकळी सुटली, थोडी घसरली, थांबली, आणि पडली.

भावाने हात जोडले. बाहेर सभामंडपात येईपर्यंत तो काही बोलला नाही. दीपस्तंभाजवळ बसल्यावर म्हणाला, “ठीक. मग दिवा कोण लावणार?”

हा प्रश्न कौलाला घालता येत नव्हता. चुलतभावाने खिशातून देवळाची पंचांग-दिनदर्शिका काढली. चार कुटुंबे, बारा महिने. दोघे निवृत्त, एकाची बायको आजारी, भावाला अजून तीन वर्षांची नोकरी. त्याने पावसाळा मागून घेतला, कारण त्याला तेव्हाच सलग रजा मिळते. कोणाला चैत्र नको होता, उकाड्यामुळे. दिनदर्शिकेच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने नावे लिहिली गेली, दोनदा खोडली गेली. पाळी नसलेल्याने यावयाचे झाले तर त्याने आधी कळवावे, आणि तांबड्या वस्त्रातला पाषाण कोणीही हलवू नये, एवढ्या दोन अटी लिहून सर्वांनी खाली सही केली.

माझा वाटा पौष, माघ आणि फाल्गुन. आम्ही दोघे मार्गशीर्षातच जाऊन राहिलो आहो. देवाकुडीवरची कौले सुतार गुरुवारी उतरवणार आहे. तोवर गळते त्या जागी तांब्याचा हंडा ठेवला आहे, आणि नंदादीप दोन हात डावीकडे घेतला आहे.